नववीच्या मुलांना फ्रान्सला नेताय ना, मग आधी ती पाच देशांची यादी बाजूला ठेवा

मॅडम, तुमचा प्रश्न नीट वाचला. नववीची २८ मुलं, तीन शिक्षक, मे महिन्यात नऊ दिवस, एजंटने दिलेला प्लॅन म्हणजे पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड आणि शेवटी मिलान, आणि तुम्हाला विचारायचंय की हे जमेल का आणि तयारी कुठून सुरू करायची. मी गेली २२ वर्षं पुण्यात शाळेत फ्रेंच शिकवतेय, आठवी ते दहावीच्या मुलांचे सात ग्रुप फ्रान्सला नेऊन सुखरूप परत आणलेत, त्यामुळे जे अनुभवातून कळलं ते सगळं लिहिते, लांबेल थोडं.

जमेल का, तर जमेल, दरवर्षी कितीतरी शाळा असं करतातच. पण माझं स्पष्ट मत आहे की असं नेऊ नका. माझा पहिला ग्रुप असाच गेला होता, आठ दिवसांत चार देश, आणि मुलांनी युरोप पाहिला तो बसच्या काचेतून, अर्धी तर झोपलेली असायची. परत आल्यावर वर्गात एका मुलाला विचारलं, अरे फ्रेंचमध्ये कोणाशी बोललास का, तर तो म्हणाला, मिस बोलणार कोणाशी, आपला बस ड्रायव्हर पोलिश होता आणि हॉटेलवाले इंग्लिश बोलत होते. त्या दिवसापासून मी ठरवलं की ज्या मुलांनी तीन वर्षं क्रियापदं पाठ केलीत त्यांना तिथे तोंड उघडावंच लागेल अशी ट्रिप काढायची, आणि त्यासाठी गावं कमी आणि दिवस जास्त हे एकच सूत्र आहे. नऊ दिवसांत पॅरिस तीन दिवस आणि दुसरं एकच शहर पाच दिवस, बास. पालक म्हणतील पैसे तेवढेच आणि देश एकच कसा, तेव्हा त्यांना सांगा की पाच देशांत रोज चार-पाच तास बसमध्ये जातात, ते तास आम्ही मुलांना देतोय.

दुसरं शहर म्हणून मी लिओं निवडते आणि तुम्हालाही तेच सुचवेन. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान ट्रेनने, साधारण दोन तास. पॅरिसपेक्षा लहान, चालत बरंच फिरता येतं, आणि पुण्याच्या मुलांना तिथे पटकन आपलं वाटतं. रोन आणि सोन या दोन नद्या शहरातच एकत्र येतात, मुलांना तो संगम दाखवला की लगेच मुळा-मुठा सुरू होतं. जुन्या लिओंमध्ये ट्राबूल आहेत, म्हणजे एका रस्त्यावरच्या दारातून आत शिरायचं, अंधाऱ्या बोळातून, चौकातून, जिन्याखालून जायचं आणि भलत्याच रस्त्यावर बाहेर पडायचं, ज्याने आपल्या पेठांमधले वाडे पाहिलेत त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. फक्त तिथे लोक राहतात, त्यामुळे आत आवाज करायचा नाही, हे दाराशीच सांगून ठेवा. क्र्वा-रूसच्या टेकडीवर रेशमाचे विणकर राहायचे, तिथे जुने जकार्ड माग अजून चालवून दाखवतात, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक सरकतात आणि त्याप्रमाणे नक्षी विणली जाते. येवल्याचा पैठणीचा माग पाहिलेली एक मुलगी माझ्या ग्रुपमध्ये होती, तिने माग चालवणाऱ्या बाईंना मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं की एक वीत विणायला किती वेळ लागतो, आणि पुढची वीस मिनिटं त्या बाई फक्त तिच्याशीच बोलत होत्या, सावकाश, सोप्या शब्दांत.

आणि लिओंमध्येच सिनेमाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंचं म्युझियम आहे. १८९५ मध्ये त्यांनी आपल्याच कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं, ती जागा अजून राखलीय. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून शो झाला आणि ७ जुलै १८९६ ला म्हणजे सात महिन्यांच्या आत तोच सिनेमॅटोग्राफ मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये दाखवला गेला, हे तिथे उभं राहून मुलांना सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात. काही पालक मार्सेय पण घ्या म्हणून मागे लागतात कारण ८ जुलै १९१० ला सावरकरांनी तिथे बोटीतून उडी मारली होती, आणि फर्ग्युसनच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या मुलांसाठी ते कारण चांगलं आहे. लिओंहून वेगवान ट्रेनने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, एक दिवस जाऊन येता येतं, पण मुक्काम हलवू नका.

आता तारखा. मे चांगला, पण १ मे आणि ८ मेला तिथे सुट्टी असते, १ मेला तर जवळजवळ सगळंच बंद. असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार पण बहुतेकदा मेमध्येच येतो आणि मधला शुक्रवार लोक सोडून देतात, त्याला ते पाँ म्हणतात, म्हणजे पूल. तिथल्या शाळेत एक दिवस मुलांना बसवायचं असेल (आणि ते नक्की करा, सगळ्या ट्रिपमधला तो सगळ्यात मोलाचा दिवस असतो) तर सुट्ट्यांचं वेळापत्रक आधी बघा. फ्रान्समध्ये वसंत ऋतूची सुट्टी ए, बी, सी अशा तीन झोनमध्ये वेगवेगळ्या तारखांना असते, लिओं ए मध्ये आणि पॅरिस सी मध्ये. दिवाळीत नेऊ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा की ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून दोन आठवडे तिकडे पण शाळा बंद असतात, एकदा आमची हीच चूक झाली होती आणि मुलांना एकही फ्रेंच विद्यार्थी भेटला नाही.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी उरका. पासपोर्ट परत येण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असला पाहिजे, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे नववीत आल्यावर अचानक कळतं की तो संपत आलाय, म्हणून पहिल्याच पालकसभेत सगळ्यांचे पासपोर्ट हातात घेऊन तारखा स्वतः बघा, फोनवर विचारू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो, आणि मेसाठी सगळं जगच अर्ज करत असतं, म्हणून फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या. पुण्यात व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेंटर आहे, १२ वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा परीक्षेच्या तारखा सांभाळून दिवस ठरवा. शेंगेनच्या, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, नियमात शाळेची मुलं आणि सोबतचे शिक्षक शिक्षणासाठी जात असतील तर ९० युरोची फी माफ आहे, निव्वळ पर्यटनाला नाही, म्हणून फ्रेंच शाळेचं निमंत्रणपत्र असेल तर ते जोडा आणि आधी विचारून घ्या. सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र भरावाच लागतो. इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोचा लागतो. आई आणि वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र लागतंच, आणि ज्या घरी आई-वडील वेगळे राहतात तिथे ही सही मिळायला महिना-महिना जातो, त्या पालकांशी वेगळं, एकटं बसून, हळुवारपणे बोला.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अमेरिकन पासपोर्टवाली असतात, आई-बाबा परत आलेले. त्यांना फ्रान्सचा व्हिसा लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण परत भारतात यायला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, जवळ लागतं. ते घरी कपाटात राहिलं की विमानतळावर रडारड, म्हणून निघताना हातात घेऊन बघा. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झालीय, शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे, त्यामुळे उतरल्यावर तासभर जास्तच धरा आणि पहिल्या दिवशी काहीही बुक करू नका.

तीन शिक्षक कमी आहेत, चार घ्या. कारण साधं आहे, एखादं मूल आजारी पडलं तर एक शिक्षक त्याच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये बसणार, आणि उरलेल्या दोघांना २७ मुलं घेऊन मेट्रोतून जायचंय हे डोळ्यांसमोर आणा. मुली असतील तर निदान दोन बायका हव्यातच.

मेट्रोबद्दल जरा सविस्तर सांगते. प्रत्येक मुलाला एक नंबर द्या आणि मोजणी फ्रेंचमध्ये मुलांनीच करायची, अँ, दू, त्र्वा करत २८ पर्यंत, प्रत्येक दारातून बाहेर पडताना. आणि नियम एकच, तो मुंबई एअरपोर्टला जाताना बसमध्ये तीनदा म्हणून घ्यायचा: जो प्लॅटफॉर्मवर राहिला त्याने तिथेच उभं राहायचं, पुढची ट्रेन पकडायची नाही, आणि जे गेले ते पुढच्याच स्टेशनला उतरणार. चौथ्या ग्रुपच्या वेळी शातले स्टेशनला एक नंबर लाइनच्या मेट्रोत आम्ही चढलो, शिट्टी झाली, दारं लागली आणि काचेपलीकडे आमची १७ आणि १८ नंबरची मुलं. १८ नंबरच्या मुलाचा हात काचेवर तसाच राहिलेला मला अजून दिसतो. पुढचं स्टेशन ओतेल द व्हील, आम्ही सगळे उतरलो, एक सर उलट्या दिशेची गाडी पकडून परत गेले, आणि सात-आठ मिनिटांनी तिघं आले. ती दोघं स्टेशनच्या नावाच्या पाटीखाली पाठीला पाठ लावून उभी होती, एका आजींनी विचारलं काय झालं म्हणून, तर १७ नंबरने उत्तर दिलं, नूझातांदाँ नोत्र प्रोफेसर, आम्ही आमच्या सरांची वाट बघतोय. वर्गात हे क्रियापद त्याला कधी आलं नव्हतं. खिशात कागदाचं कार्ड पण ठेवा, हॉटेलचा पत्ता आणि दोन शिक्षकांचे नंबर लिहिलेलं, कारण फोन संपतो किंवा चोरीला जातो. दाराजवळ उभं राहून फोन काढायचा नाही, दार लागता लागता हिसकावून पळतात. मोनालिसासमोरची गर्दी आणि मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधून पैसे मागणारे, या दोन ठिकाणी बॅगा पुढे छातीवर. कुठे काही झालंच तर ११२ हा इमर्जन्सीचा नंबर सगळ्यांच्या पाठ हवा.

पॅरिसमध्ये काय काय बघायचं ते तुम्हाला सांगायला नको, फक्त लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, आणि १८ वर्षांखालच्यांना तिन्हीकडे तिकीट नाही, पण ग्रुपचं बुकिंग करावंच लागतं. आयफेलवर लिफ्टने नेऊ नका, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, सिंहगड चढणाऱ्या मुलांना काहीच नाही, स्वस्त पडतं आणि रांगही बहुतेकदा कमी असते. दिवे चमकतात ते अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं, आणि मेमध्ये सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे हॉटेलवर यायला अकरा वाजणार, तो एक दिवस ठरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी सोडा. नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडलंय, आत जायला पैसे नाहीत.

जेवण. पालकसभेत निम्मे प्रश्न यावरच येतात. आमच्या एका ट्रिपला टूरवाल्यांनी व्हेज डिनर म्हणून लिहून दिलं होतं आणि ताटात आलं ट्यूना घातलेलं सॅलड, कारण तिकडे बऱ्याच लोकांच्या डोक्यात मासा म्हणजे मांस नाही. म्हणून नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, मांस नाही, मासा नाही, हॅम नाही असं फ्रेंचमध्ये लिहिलेलं कार्ड प्रत्येक शाकाहारी मुलाकडे द्या, अंडं चालतं का तेही लिहा. कीश या खाऱ्या पायमध्ये बहुतेकदा लार्डों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन, आणि बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्यांपासून काढलेलं रेनेट असतं, जैन मुलांच्या घरी हे आधी स्पष्ट सांगून त्यांनाच ठरवू द्या. बूलांजरी म्हणजे बेकरीतला ‘बागेत’ नावाचा लांब ब्रेड, फळं, टोमॅटो, क्रेप यावर दुपार उत्तम निघते. हॉटेलात बसलात तर ऊन काराफ दो म्हणा, नळाचं पाणी फुकट देतात आणि ते चांगलं असतं. वरण-भाताची अगदीच आठवण आली तर पॅरिसमध्ये ला शापेलच्या भागात तमिळ लोकांची दुकानं आणि खाणावळी आहेत, जवळच र्यू पाजोलवर गणपतीचं देऊळ आहे. पुण्याची मुलं तिथे गेली की आपोआप आरती म्हणायला लागतात.

घरून चिवडा, भाकरवडी, थेपले खुशाल न्या. पण पेढे, बर्फी, तूप असं दुधाचं काहीही युरोपमध्ये न्यायला बंदी आहे, मांसालाही. आणि आंबे नाही! दर मेमध्ये कोणाची तरी आई फ्रेंच कुटुंबाला द्यायला हापूसची पेटी घेऊन येते, फार प्रेमाने, पण तिकडे फळांना सर्टिफिकेट लागतं आणि ती पेटी कस्टमला काढून घेतात.

आता फ्रेंच कुटुंबात राहण्याबद्दल. लिओंमध्ये एका घरी दोन मुलं असं ठेवायचं, एकेकटं नाही. आधी एक तास फक्त यावर घ्या: दुकानात शिरल्या शिरल्या बोंजूर म्हणायचं, न म्हणता थेट वस्तू मागितली तर ते उद्धटपणा समजतात. ब्रेड टेबलावरच ठेवतात, ताटलीत नाही. टॉयलेटमध्ये पाणी नसतं, कागद असतो, हे मुलांना न लाजता सांगावंच लागतं. स्विमिंग पूलवर ढगळ शॉर्ट्स चालत नाहीत, मुलांना अंगाला घट्ट बसणारी चड्डी आणि सगळ्यांना टोपी सक्तीची असते, दोन मुलं यामुळे बाहेर बसून राहिली होती. वाइन दिली तर नको म्हणायचं, आणि हे कुटुंबांना पण पत्रातच कळवा. फ्रेंचमधल्या तू आणि वू मधला फरक इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना वर्षभर कळत नाही, आपल्या मुलांना तू आणि तुम्ही म्हटलं की झालं. घड्याळ तर त्याहून सोपं, सव्वा, साडे, पावणे हे तिन्ही फ्रेंचमध्ये आहेत, मिदी म्वँ ल कार म्हणजे पावणेबाराच की. मी आता वेळ मराठीतूनच शिकवते.

मुलांना रोज एक काम द्या, लहानसंच. चार जणांच्या गटाने दहा युरोत सगळ्यांसाठी दुपारचं खाणं आणायचं आणि दुकानदाराला एक प्रश्न जास्तीचा विचारायचा. शिक्षकांनी बाहेर फुटपाथवर थांबायचं, आत जायचं नाही, कितीही वाटलं तरी. जी मुलगी वर्गात कधी हात वर करायची नाही ती तीन दिवसांनी सगळ्यांच्या पुढे उभी असते, हे मी प्रत्येक ग्रुपमध्ये पाहिलंय.

पैसे कार्डवर आणि थोडे रोख, पाच-दहाच्या नोटांत, पन्नासची नोट लहान दुकानदार घेत नाहीत. फोन रात्री साडेदहाला शिक्षकांकडे. पालकांना रोज भारतातल्या रात्री नऊला एक मेसेज, उन्हाळ्यात तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे म्हणजे साडेपाच वाजलेले असतात, त्या वेळेला सगळे एकत्र असतात. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांकडे लेखी नोंद, मग पॅरिसची एम्बसी, २०२५ पासून मार्सेयलाही आपलं कॉन्सुलेट आहे. टीजीव्हीचा प्लॅटफॉर्म साधारण वीस मिनिटं आधी लागतो आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, तेव्हा बॅगा चढवायला सहा धट्टीकट्टी मुलं आधीच नेमा.

आणि परतीच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या बॅगा उघडून जॅम, चॉकलेट क्रीम, परफ्यूम जे काही असेल ते चेक-इनच्या बॅगेत टाकायला लावा, केबिनमध्ये १०० मिलीच्या वर काही जाऊ देत नाहीत. एका मुलीने तिच्या आजीसाठी ज्या घरी राहिली त्या काकूंनी स्वतः केलेला अंजिराचा जॅम घेतला होता, फडक्यात बांधून, वर आजीचं नाव फ्रेंचमध्ये लिहिलेलं, तो सिक्युरिटीला काढून घेतला. आता मी रात्री नऊला खोल्याखोल्यांतून फिरते आणि प्रत्येक बाटली स्वतः बघते.

संमतीपत्राचा आणि जेवणाच्या कार्डाचा नमुना माझ्याकडे तयार आहे, पालकसभेच्या आधी सांगा, देते.